डाव्या कुशीवरची सुरकुती

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलाला नाही, तीस वर्षं एकाच टेबलावर डबा खाल्लेल्या मित्रांनाही नाही. म्हणजे—अगदी खरं बोलायचं तर एकदा सांगितलं. ज्याला सांगायला हवं होतं, त्यालाच सांगितलं. पण ते सांगणं सांगितल्यात जमा झालं नाही. का, ते पुढे येईल. आधी तुम्हाला थोडं माझ्या कामाबद्दल ऐकून घ्यावं लागेल. कंटाळा येईल कदाचित, पण त्याशिवाय मी नेमकं काय केलं ते कळणार नाही.

मी विमानं बघायचो. उडवायचो नाही, बांधायचोही नाही—बघायचो. नाशिकच्या बाहेर, द्राक्षबागांच्या पलीकडे एक हँगर होता. जुनी प्रवासी विमानं तिथे मोठ्या तपासणीला यायची. ती कंपनी आता राहिली नाही, हँगरच्या जागी गोदाम झालंय. पण तेव्हा मी नाशिक रोडहून रोज कंपनीच्या बसने तिथे जायचो, आणि विमानाच्या पत्र्यावर हात फिरवून पगार घ्यायचो. बायको थट्टा करायची—घरातल्या भिंतीला पोपडे आलेत ते दिसत नाहीत, आणि म्हणे विमानाची सुरकुती दिसते!

हो, विमानाला सुरकुत्या पडतात. तुम्ही कधी पाहिल्या आहेत? जुनं विमान जमिनीवर उभं असावं आणि ऊन त्याच्या अंगावर आडवं पडावं—मग दिसतात. खिडक्यांच्या खाली, पंखाच्या मागेपुढे, तिरक्या, हलक्या लाटा. पहिल्यांदा पाहणारा दचकतोच. मीही दचकलो होतो. मग शिकवणाऱ्या साहेबांनी समजावलं होतं, ते तसंच तुम्हाला सांगतो.

विमानाचा पत्रा फार पातळ असतो. रुपयाच्या नाण्याएवढा जाड समजा, कुठे कुठे त्याहूनही पातळ. आत बरगड्यांसारख्या कमानी असतात, लांब उभ्या-आडव्या पट्ट्या असतात, आणि त्यांच्यावर हा पत्रा हजारो रिव्हेटांनी, म्हणजे ठोकून पसरवलेल्या खिळ्यांनी, ताणून बसवलेला असतो. विमान वर गेलं की आत हवा भरली जाते, पत्रा फुगून ताठ होतो. खाली आलं की हवा सुटते, पत्रा सैल पडतो. दिवसातून चार वेळा, सहा वेळा, वीस-पंचवीस वर्षं. त्यात जमिनीवर उभं असताना नाकाचं आणि शेपटीचं वजन दोन्हीकडे लोंबत असतं. चादरीचे समोरासमोरचे दोन कोपरे धरून ओढा—मधे तिरक्या चुण्या पडतात की नाही? तसंच. बनवणाऱ्यांनी हे आधीच हिशेबात धरलेलं असतं. त्यामुळे बहुतेक सुरकुत्या निव्वळ वयाच्या. त्यांच्यापासून काही धोका नसतो.

बहुतेक, म्हटलं मी. सगळ्या नाही.

काही सुरकुत्या वेगळ्या असतात. हवा भरली तरी जात नाहीत. त्यांच्या काठचा रंग तडकलेला असतो, रिव्हेटभोवती काजळीसारखी काळी रेघ उठलेली असते—म्हणजे रिव्हेट आत हलतोय. कधी वैमानिकाने विमान आदळून उतरवलेलं असतं, कधी आतली पट्टी वाकलेली असते. वयाची सुरकुती कुठली आणि दुखण्याची कुठली, हे ओळखणं हे माझं काम. माझी नजर चांगली होती, हे मी आज कुठल्या तोंडाने सांगू? पण होती. हँगरमध्ये मला मागे सगळे 'एक्स-रे' म्हणायचे. मला ते माहीत होतं, आणि आवडायचंही.

आमची एक पद्धत होती. विमान आलं की त्याच्या टाक्या रिकाम्या करायच्या, ते चाकांवर सरळ उभं करायचं, हँगरचं मोठं दार बंद ठेवायचं. सकाळी लवकर, वरचा पत्रा तापायच्या आत, बॅटरी घ्यायची आणि ती विमानाच्या अंगाला जवळजवळ टेकवून आडवा उजेड टाकायचा. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. आडवा टाकला की एकेक लाट सावली टाकते. मग प्रत्येक सुरकुतीला मेणाच्या पेन्सिलीने गोल करायचा, लांबी-खोली मोजायची आणि विमानाच्या छापील आकृतीवर ती काढायची. याला आम्ही सुरकुत्यांचा नकाशा म्हणायचो. पुढच्या तपासणीला जुना नकाशा शेजारी ठेवला की लगेच कळतं, कुठली जुनी आणि कुठली नवीन.

आणि हा नकाशा विमान जॅकवर चढवायच्या आधीच करायचा. हे लक्षात ठेवा. एकदा विमान जॅकवर उचललं की वजनाची जागा बदलते, पत्रा वेगळा ताणला जातो. असलेल्या सुरकुत्या दिसेनाशा होतात. म्हणून इन्स्पेक्टरने, म्हणजे माझ्यासारख्या तपासणाऱ्याने, 'झालं' म्हटल्याशिवाय जॅकला कुणी हात लावायचा नाही, असा नियम होता.

जॅकचं काम रघूनानांकडे होतं.

रघूनाना घोटीचे. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठे, शिक्षण फारसं नाही, पण तीन जॅकवर एवढं मोठं विमान उचलायचं ते त्यांनीच. तीन जॅकवर तीन माणसं, आणि नाना मधे, विमानाच्या पोटाला तळहात लावून उभे. शिट्टी नाही, वॉकीटॉकी नाही. नुसतं "हां… हां… डावा थांब… हां." तिन्ही जॅक एका मापाने वर यायला हवेत. एक जरी पुढे गेला तर विमानाला पीळ बसतो आणि पत्र्याला तिरकी घडी पडते. नानांच्या हाताखाली कधी पडली नव्हती. ते म्हणायचे, विमान उचलायचं म्हणजे तान्ह्या पोराला झोपेतून उचलायचं, त्याला कळता कामा नये. दर वर्षी भात निघाला की माझ्यासाठी पाच किलो नवा तांदूळ आणायचे. पैसे देऊ केले तर रागवायचे.

बघा, मी किती आडवळणाने चाललोय. सांगायचं ते सोडून सगळं सांगतोय.

त्या दिवशी सकाळी मी नकाशा करत होतो. विमान बरंच जुनं होतं, पुढच्या काही वर्षांत मोडीत निघणारं. उजवी बाजू झाली. डावी पुढून सुरू केली. पंखाच्या मागे, खिडक्यांच्या रांगेखाली हात फिरवताना तळव्याला काहीतरी लागलं. बॅटरी आडवी धरली. दीड-दोन वीत लांबीची, तिरकी, धारदार सुरकुती. वयाची नव्हे. मागच्या नकाशात ती नव्हती. मी तिथे थांबलो, नखाने रंग खरवडून पाहिला. आणि तेवढ्यात मागून हाक आली—अहो, मिसळ आली, चला, गार होईल.

आमच्यातल्या एकाला बढती मिळाली होती. त्याने सगळ्यांसाठी गावातून मिसळ मागवली होती. सकाळी सहापासून मी शिडीवर होतो, पोटात कावळे ओरडत होते. म्हटलं, पंधरा मिनिटांनी येऊन गोल करू, पेन्सिल काय कुठे पळून जाते? खाली उतरलो. नाना खालीच उभे होते, त्यांची माणसं हात पुसत तयार. नाना म्हणाले, "झालं का सायेब?"

मी म्हणालो, "झालं."

का म्हणालो? मी स्वतःला हे इतक्या वेळा विचारलंय की आता प्रश्नही गुळगुळीत झालाय. खोटं बोलायचं म्हणून बोललो नाही. डोक्यात मिसळ होती, आणि ते 'झालं का' मला कुठेतरी 'आजचं झालं का, चाललात का' असं ऐकल्यासारखं वाटलं—नाही, हेही खरं नाही. मला ते नीट ऐकू आलं होतं. नाना तेवीस वर्षं मला तोच प्रश्न विचारत होते. त्याचा अर्थ एकच होता.

मिसळ खाऊन, दुसऱ्यांदा तर्री घेऊन, चहा पिऊन मी अर्ध्या-पाऊण तासाने परत आलो, तेव्हा विमान वर होतं. चाकं जमिनीपासून सुटलेली. मी धावत डाव्या बाजूला गेलो, बॅटरी लावली. सुरकुती नव्हती. म्हणजे होती, पण ताणाखाली दडली होती. मला फक्त एक करायचं होतं—नानांना सांगायचं की खाली घ्या, माझी चूक झाली, नकाशा राहिलाय. अर्धा दिवस गेला असता. लोक हसले असते—एक्स-रे मिसळ खायला गेला! एवढंच. यापेक्षा जास्त काहीही झालं नसतं.

मी टेबलाशी बसलो आणि मागच्या तपासणीच्या नकाशावरून डावी बाजू उतरवून काढली. रेघ न् रेघ. खाली सही केली, शिक्का मारला. मनाशी ठरवलं, तीन आठवड्यांनी विमान खाली येईल तेव्हा शेवटची पाहणी मीच करणार आहे, तेव्हा ती सुरकुती 'सापडेल', तेव्हा बघून घेऊ. सुरकुती दुरुस्त झाली म्हणजे झालं, नाही का? आणि विमान खाली आलं त्या दोन दिवसांत मी मनमाडला मेहुण्याच्या लग्नात होतो.

माझ्या जागी शेवटची पाहणी तन्वी नावाच्या नव्या इन्स्पेक्टरने केली. हुशार मुलगी, मीच शिकवलेली. बॅटरी कशी आडवी धरायची ते मीच तिला दाखवलं होतं. तिला सुरकुती सापडली. तिने माझा नकाशा काढून पाहिला. नकाशात ती जागा स्वच्छ. मग तिने जे लिहिलं ते कुणीही लिहिलं असतं—जॅकवर चढवण्यापूर्वी सुरकुती नव्हती, उतरवल्यावर आहे.

म्हणजे नानांनी केली.

मी परत आलो त्या दिवशी आमच्या मुख्य साहेबांच्या खोलीत बसलो होतो, आम्ही चौघं. साहेब, तन्वी, मी आणि दारापाशी उभे नाना. बसा म्हटलं तरी ते बसले नाहीत. साहेबांनी नकाशा माझ्यासमोर ठेवला आणि विचारलं, तुम्ही स्वतः पाहिलं होतं ना? तिथे काही नव्हतं?

खोलीतला पंखा कुरकुरत होता. मला आठवतं, मी त्या आवाजाकडे लक्ष दिलं, म्हणजे उत्तर द्यायला एक क्षण उशीर करता येईल. माझ्या शिक्क्यावर माझा नंबर होता. खोटा नकाशा म्हणजे शिक्का, पर्यायाने तपासायचा अधिकारच, काढून घेणार, कदाचित नोकरीही. मुलगा तेव्हा इंजिनिअरिंगला. हे सगळं मला त्या एका क्षणात सुचलं असं मी आजवर स्वतःला सांगत आलो. खरं तर त्यातलं काही सुचलं नव्हतं. मला फक्त एवढं सुचलं की तन्वी माझ्याकडे बघतेय.

"नव्हतं," मी म्हणालो.

तेव्हा नाना पहिल्यांदा बोलले. साहेबांशी नाही, माझ्याशी. "सायेब, तुमी म्हनता म्हंजे नसनारच. मग माझाच हात चुकला आसंल." आणि मान खाली घातली.

वाद घालायला हवा होता हो त्यांनी! ओरडायला हवं होतं, की मी तीस वर्षं विमानं उचलली, असं कधी झालं नाही, पुन्हा तपासा. मला तेवढा धक्का पुरला असता, असं वाटतं. कुणास ठाऊक पुरला असता का. पण त्यांनी स्वतःच्या हातापेक्षा माझ्या शब्दावर विश्वास ठेवला. आणि मी तो ठेवू दिला.

तुम्हाला वाटत असेल, हीच ती कबुली. मलाही बरीच वर्षं वाटायचं की आपला गुन्हा एवढाच. भित्रेपणा केला, वेळेवर बोललो नाही, अशी माणसं जगात पुष्कळ. पण याच्यापुढे एक आहे. ते लिहायला मी तीन दिवस हे कागद बाजूला ठेवले होते.

त्या जागेचा पत्रा बदलायचा ठरलं. रिव्हेट काढले, पत्रा उतरवला, आणि आतली पाहणी करायला मला बोलावलं. नियमाने ती माझीच होती. शिडीवर चढलो, डोकं आत घातलं. आतली पट्टी वाकली होती, अपेक्षेप्रमाणे. आणि त्या वाकलेल्या जागी, रंगाच्या तड्यात, धूळ आणि तेल बसून एक तपकिरी खपली धरली होती. स्वयंपाकघरातल्या धूर ओढणाऱ्या पंख्यावर धरते ना, तशी. कडक. ती तीन आठवड्यांत धरत नाही. तिला वर्षं लागतात. ती पट्टी केव्हाचीच वाकलेली होती, कुठल्यातरी विमानतळावर, कुठल्यातरी आदळून उतरण्यात. आमचा जॅक, आमचा हँगर, नाना—कुणाचाच त्याच्याशी संबंध नव्हता. हे सांगायला मला माझी चूकसुद्धा कबूल करावी लागली नसती. नुसतं तन्वीला हाक मारायची होती—ये, बघ, ही खपली जुनी आहे. नाना सुटले असते. माझा नकाशा खोटा ठरला असता, पण तेव्हा म्हणता आलं असतं, माझ्या नजरेतून सुटली असेल. माणूस आहे, सुटते.

आमचा नियम असा—आधी बघायचं, फोटो काढायचा, लिहायचं, मग पुसायचं, मग भिंगातून पुन्हा बघायचं. या क्रमात चूक करणाऱ्या शिकाऊ मुलांना मी शिव्या दिल्या आहेत.

मी फडकं घेतलं. त्यावर पुसायचं द्रावण ओतलं. आणि पुसलं.

एकदा नाही. खपली कडक होती, चार-पाच वेळा घासावं लागलं. बोटाला झोंबत होतं. घाबरून एका झटक्यात काहीतरी होऊन गेलं, असं म्हणायची सोय मला नाही, कारण चांगली दोन-तीन मिनिटं लागली. दोन-तीन मिनिटं म्हणजे थांबायला पुष्कळ झाली, नाही का? मग फडकं घडी करून खिशात टाकलं आणि तन्वीला वर बोलावलं. ती म्हणाली, सर, पट्टी वाकलीय, पण तडा स्वच्छ आहे, म्हणजे ताजीच. मी म्हणालो, हो, ताजीच.

माझ्यावर विश्वास ठेवून ताज्या वाकाची हीच खूण, असं ती आयुष्यभरासाठी शिकली असेल. त्याचंही मी पुढे काही केलं नाही.

नानांना काढलं नाही. कंपनी तशी दयाळू होती म्हणायची. जॅकवरून काढून हत्यारांच्या खोलीत बसवलं. बिल्ला घ्यायचा, पाना द्यायचा, बिल्ला परत करायचा. विमान उचलताना ते त्या खोलीच्या जाळीतून बघत राहायचे. कधी कधी त्यांचा उजवा तळहात नकळत वर यायचा, पोटाला लावल्यासारखा. मग लक्षात आलं की ते तो खिशात घालायचे. दोन वर्षांनी मुदतीच्या आधीच निवृत्ती घेऊन घरी बसले.

तांदूळ मात्र येत राहिला. दर वर्षी. कधी बसच्या ड्रायव्हरबरोबर, कधी मुलाबरोबर. आमच्या घरात कुकरची शिट्टी झाली की वास सुटायचा आणि बायको म्हणायची, रघूनानांच्या तांदळाला तोड नाही. तुम्हाला वाटेल माझ्या घशाखाली घास उतरत नसेल. सांगायला लाज वाटते—उतरायचा. मी पोटभर खायचो, वर ताक-भातही खायचो.

चार वर्षांपूर्वी त्यांच्या नातीचं बारसं होतं. आम्ही दोघं घोटीला गेलो. मांडव, लाडू, पाळण्याला झेंडूच्या माळा, बायकांची गाणी. नाव ठेवून झाल्यावर कुणीतरी म्हणालं, आजोबांनी नातीला घ्यावं, फोटो काढू. सून बाळाला घेऊन नानांपुढे आली. नानांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. ती हसली, तिला थट्टा वाटली. तिने बाळ आणखी पुढे केलं. नाना एक पाऊल मागे सरले. म्हणाले, "नको गं बाय. माझ्या हाताचा भरोसा नाय. येवढं मोठं विमान वाकडं केलंय म्या." मांडवात सगळे हसले. त्यांच्या घरात हा जुना विनोद झाला होता. पण नाना हसत नव्हते. सून बाजूला झाली, फोटो नानांशिवाय निघाला.

मी चार हातांवर उभा होतो. हातात लाडू होता. मी तो खाल्ला.

परतीच्या वाटेवर बायको म्हणाली, किती साधा माणूस, नात झाली तरी लाजतो. मी काच खाली करून बाहेर बघत राहिलो.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो, आणि पाठोपाठ कंपनीही बंद झाली. आता शिक्का नाही, नोकरी नाही, मुलगा कमावता. घाबरायला काही शिल्लक नाही, तेव्हा धीर आला—हा माझा धीर. घोटीला एकटाच गेलो. नाना ओसरीत बसले होते, थकलेले, पण कान-डोळे शाबूत. नात अंगणात खेळत होती. सुनेने चहा दिला. मी कप खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. मिसळ सांगितली, 'झालं' म्हणालो ते सांगितलं, उतरवलेला नकाशा सांगितला, साहेबांच्या खोलीतलं 'नव्हतं' सांगितलं, फडकं सांगितलं. काही गाळलं नाही. मी रडत होतो, हेही लिहायला हवं.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं आता उठतील, कानाखाली मारतील. मला ते हवं होतं.

ते हसले. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "सायेब, माझं मन राखायला येवढ्या लांब आलात व्हय?"

मला आधी समजलंच नाही. मग समजलं आणि मी पुन्हा पहिल्यापासून सांगू लागलो, नाना, अहो खरं सांगतोय, शपथ घेतो. ते मान हलवत राहिले. म्हणाले, नकाशा त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता, त्यावर माझी सही होती. "तुमची सही हाय आन् तुमी खोटं लिवनार? मला सांगू नका. बारशाला मी बोललो ते तुमच्या मनाला लागलं, नाय का?" आणि आत हाक मारून सुनेला सांगितलं, बघ गं, ही माणसं बघ, माझ्यापायी सोताच्या अंगावर घेत्यात.

मी काय दाखवणार होतो? विमान मोडीत निघालं, त्याचा पत्रा केव्हाच वितळला. कंपनी नाही, कागद नाहीत. फडकं मी त्याच दिवशी बसस्टॉपवरच्या कचऱ्यात टाकलं होतं. आणि कागद असते तरी ते काय बोलले असते? तिथे काही नव्हतं, असंच. माझ्या सहीने. दोन तास मी त्या माणसाला पटवत होतो की मी खोटारडा आहे, आणि जितकं बोलत होतो तितका त्यांच्या नजरेत मोठा होत होतो. शेवटी थांबलो. आणखी बोललो असतो तर त्यांनी माझे पाय धरले असते.

निघताना नात धावत आली आणि हात वर करून त्यांच्यापुढे उभी राहिली, उचल म्हणून. नानांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि सुनेला बोलावलं. तिने येऊन पोरीला कडेवर घेतलं. पोरीला सवय असावी, ती रडली नाही.

ओसरीच्या कोपऱ्यात तांदळाची पिशवी भरून ठेवली होती. पाच किलोची, दर वर्षीसारखी, तोंड सुतळीने बांधलेलं. नानांनी ती बोटाने दाखवली.

"तुमीच उचला सायेब," ते म्हणाले. "माझ्या हातनं पडायची."

मी ती उचलली आणि बसस्टँडकडे चालू लागलो.